परत वर्दी घालायचीय, पण वय बसतंय का?

मागच्या अंकात डिस्चार्ज बुकातल्या चुका कशा दुरुस्त करून घ्यायच्या ते लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली पण त्यातली बरीचशी भलत्याच विषयावर. पेन्शनवर आलोय, अजून अंगात दम आहे, परत फौजेत जाता येईल का, वयाची अट काय, सूट मिळते का. मी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीची कागदपत्रं ठेवणाऱ्या ऑफिसात, क्लार्क म्हणून नोकरी काढली त्यामुळे हे प्रश्न माझ्या टेबलावरून रोज जायचे, आणि माणसं उशिरा आल्यामुळे हक्काची संधी घालवताना बघितलीत, म्हणून हा अख्खा अंक याच विषयाला देतोय. नावं छापत नाही, गावंही मोघमच ठेवलीत.

प्रश्न : सुभेदार साहेब, जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार पेन्शन आलो. वय ४५ वर्षं ४ महिने, घरी येऊन १९ महिने झाले. शेतीत लक्ष लागत नाही. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये जायचंय. एक ओळखीचा माणूस म्हणतो वय काठावर आहे, दीड लाख दिलेत तर वयात सूट काढून देतो. काय करू? – एक हवालदार, खटाव तालुका

हवालदार साहेब, जय हिंद. पहिली गोष्ट, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. डीएससीत वयाची सूट कुणी काढून देत नाही, आणि तुम्हाला ती लागतच नाहीये! तुम्ही आजच्या तारखेला बसताय. ज्याची गरज नाही तीच वस्तू तो तुम्हाला विकतोय.

आता नीट तारखा मांडू. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये जनरल ड्युटीच्या जवानाला दोन अटी एकदम लागतात. वय ४६ च्या आत पाहिजे आणि डिस्चार्ज होऊन दोन वर्षं उलटलेली नसावीत. दोन्ही पाहिजेत, एक बसली म्हणून दुसरी माफ होत नाही. लोक फक्त वय बघतात आणि इथंच फसतात. तुमचं वय बघितलं तर हातात ८ महिने दिसतात, पण डिस्चार्जपासून मोजलं तर फक्त ५ महिने उरलेत. म्हणजे तुमची मुदत पाच महिन्यांची आहे, आठ नाही. क्लार्क लोकांना जरा सवलत आहे, त्यांना वय ४८ च्या आत आणि डिस्चार्जनंतर पाच वर्षांपर्यंत चालतं, पण तुम्ही जनरल ड्युटीवाले, तुमचं गणित वेगळं.

उलटी केसही सांगतो कारण तशी बरीच पत्रं आलीत. शिपाई म्हणून ३७-३८ व्या वर्षी आलेला जवान म्हणतो मला ४६ पर्यंत वेळ आहे, आधी घर बांधतो, बोअर मारतो, पोरीचं लग्न करतो मग बघू, आणि ४१ व्या वर्षी अर्ज घेऊन येतो. वय एकदम व्यवस्थित, पण दोन वर्षं कधीच निघून गेलेली. त्याला परत घेता येत नाही, कितीही चांगला जवान असू दे. असे चांगले चांगले खेळाडू, कोर्स केलेले जवान परत जाताना मी बघितलेत आणि फार वाईट वाटायचं, कारण कुणीतरी आधी एक फोन करून सांगितलं असतं तर काम झालं असतं.

म्हणून आता उद्याच बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. डीएससीसाठी अर्ज आपापल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्डलाच करायचा असतो. मराठावाल्यांनी बेळगाव, महारवाल्यांनी सागर, बॉम्बे सॅपर्सनी खडकी, तोफखान्यानं नाशिकरोड, रणगाडा आणि मेकॅनाइज्डवाल्यांनी अहिल्यानगर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज भरायला मदत मिळते पण नाव लागतं ते रेकॉर्डलाच. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, शिक्षणाचे दाखले, बँक पासबुक, आधार, पॅन, आणि सगळ्यात आधी हे बघा की डिस्चार्ज बुकातली जन्मतारीख आणि आधारवरची तारीख एकच आहे का, नसेल तर त्यातच महिना जातो आणि तुमच्याकडे महिने मोजकेच आहेत.

वयाशिवाय आणखी काय बघतात तेही ऐका. मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, लागते, डिस्चार्जच्या वेळी कॅटेगरी खाली असेल तर अवघड आहे. कॅरेक्टर चांगलं लागतं, आणि रेड इंक एंट्री, म्हणजे लाल शाईतल्या शिक्षेच्या नोंदी, किती आहेत आणि शेवटच्या वर्षांत पडलीय का ते तपासतात. घरी आल्यावर वजन वाढलेलं असतं, बीपी वाढलेलं असतं, तर अर्ज टाकल्या दिवसापासून पहाटे पळायला लागा, मेडिकलमध्ये जास्त लोक यामुळेच अडकतात, वयामुळे नाही.

आणि एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. तिथं हवालदाराच्या फीत लावून जाता येत नाही, परत शिपाई म्हणूनच भरती होते आणि सीनियॉरिटी पहिल्यापासून सुरू. काही जणांना हे फार लागतं, काल ज्यांना आपण कमांड द्यायचो त्यांच्या वयाचा नायक आपल्याला ड्युटी लावतो. पण डीएससीला कमी लेखू नका. १९४७ पासूनची ही कोअर, सेंटर केरळात कण्णूरला. दारूगोळ्याचे डेपो, हवाई दलाचे तळ, संरक्षण खात्याच्या संस्था यांची राखण ही माणसं करतात. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर अतिरेकी घुसले तेव्हा डीएससीचे पाच जवान गेले. त्यातले जगदीश चंद डोग्रा रेजिमेंटमधून रिटायर होऊन परत आलेले, लंगरमध्ये होते, जवळ हत्यार नव्हतं, तरी एका अतिरेक्याच्या मागं धावले, त्याच्याशी झटले आणि त्याच्याच रायफलनं त्याला मारलं, मग बाकीच्या अतिरेक्यांच्या गोळ्यांनी गेले. मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. परत वर्दी घातलेला माणूस तो. त्यामुळं कुणी म्हणालं की डीएससी म्हणजे गेटवरची वॉचमनकी तर त्याला हे नक्की सांगा.

प्रश्न : नमस्कार काका. आमचे हे डीएससीत जायचं म्हणतायत, वय ४४. मला एवढंच सांगा, आता मिळते ती पेन्शन बंद होणार का आणि परत आल्यावर दुसरी पेन्शन मिळणार का? हे विचारलं की म्हणतात तुला काय कळतंय. – एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

वहिनी, अगदी बरोबर प्रश्न विचारलात, आणि मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या कारण भरतीच्या गडबडीत हा कागद न वाचताच सही होते.

परत भरती होताना पर्याय लिहून द्यावा लागतो. एक, आधीची पेन्शन चालू ठेवायची आणि डीएससीची नोकरी वेगळी धरायची. दोन, आधीची नोकरी डीएससीच्या नोकरीला जोडायची, मग मधल्या काळात जुनी पेन्शन घेता येत नाही पण शेवटी दोन्ही धरून एकच पेन्शन बसते. एकदा दिलेला पर्याय अंतिम असतो, नंतर बदलायला गेलात तर हेलपाटेच.

बहुतेक जण पहिला पर्याय घेतात, घरात दर महिन्याला पेन्शन आणि पगार दोन्ही येतात म्हणून. त्यात चूक काही नाही. पण दुसरी पेन्शन पाहिजे असेल तर डीएससीत १५ वर्षं भरावी लागतात, आणि डीएससीतून ५७ व्या वर्षी घरी यावं लागतं. आता वहिनी तुम्हीच वजाबाकी करा, ५७ मधून १५ गेले तर ४२. म्हणजे ४२ च्या आत जो गेला त्याचीच १५ वर्षं पूर्ण होऊ शकतात. तुमचे मिस्टर ४४ ला गेले तर १३ वर्षं भरतील, वेगळी नोकरी धरली असेल तर दुसरी पेन्शन बसणार नाही, ग्रॅच्युइटी वगैरे मिळेल तेवढंच. म्हणून ४६ ही भरतीची मर्यादा आहे पण घराचा हिशोब करणाऱ्यानं ४२ हा आकडा डोक्यात ठेवावा. भरतीच्या जाहिरातीत हा आकडा कुठंच लिहिलेला नसतो.

थोडेच महिने कमी पडले, म्हणजे साडेचौदा वर्षं झाली आणि वय झालं, अशा जवानांनी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये जाऊन तूट माफ करून घेतल्याच्या केसेस आहेत, निकालही जवानांच्या बाजूनं लागलेत. पण ती तूट काही महिन्यांची, जास्तीत जास्त वर्षाच्या आतली. दोन वर्षांची तूट त्यात बसत नाही. तरीसुद्धा १३ वर्षांचा पगार, कॅन्टीन, मुलांची शाळा हे सगळं धरलं तर जाणं तोट्याचं आहे असं मी म्हणणार नाही, फक्त दुसऱ्या पेन्शनच्या भरवशावर कर्ज काढू नका.

प्रश्न : सर मी अग्निवीर आहे, पहिल्या बॅचचा, बीड जिल्हा. चार वर्षं संपत आलीत, कायम ठेवतात त्या २५ टक्क्यात नाव नाही आलं तर परत आर्मीत भरती देता येईल का? वय २३ होईल.

बाळा, आधी हे सांगतो की नाव न येणं म्हणजे तू कमी पडलास असं नाही, चारातले तीन घरी येणारच अशी ती योजनाच आहे.

परत शिपाई म्हणून आर्मीत यायचं तर भरतीचं वय तुझं निघून गेलेलं असेल, तो रस्ता धरून बसू नको. डीएससीचाही विचार सोड, तिथं आधीची कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेतली नोकरी, किमान पाच वर्षांची लागते, तुझी चार. आणि माजी सैनिकांना केंद्राच्या नोकऱ्यांत जी वयाची सवलत मिळते, म्हणजे वयातून फौजेतली नोकरी वजा करायची आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असलं तरी चालतं, ती तुला लागू नाही कारण अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा दिलेला नाही. हे मला स्वतःला पटत नाही. चार वर्षं सीमेवर काढलेल्या पोराला हा दर्जा मिळायला पाहिजे असं मी आधीही लिहिलंय आणि लिहीत राहीन. पण नियम आज असा आहे आणि तुला तो माहीत असायला हवा.

तुझ्या हातात काय आहे ते बघ. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ अशा दलांत कॉन्स्टेबलचं वय एरवी २३ पर्यंत. माजी अग्निवीराला त्यात तीन वर्षं सूट, आणि पहिल्या बॅचला पाच वर्षं. तू पहिल्या बॅचचा, म्हणजे तुला २८ पर्यंत वाव आहे. ही सूट तुझ्या बॅचपुरतीच, तुझ्या मागून येणाऱ्याला २६. म्हणून हे सोन्यासारखं आहे ते वाया घालवू नको, जाहिरात आली की फॉर्म भर.

पदवी झाली असेल किंवा होत असेल तर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा दे, डेहराडूनच्या अकादमीसाठी २४ च्या आत, चेन्नईच्या ओटीए म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी २५ च्या आत वय लागतं, म्हणजे तुझ्याकडे एखाददोन प्रयत्नच आहेत पण आहेत. टेरिटोरियल आर्मीत जवानाचं वय १८ ते ४२, तिथं तुला वयाची काळजीच नाही, कोल्हापूरला आणि पुण्याला मराठाच्या टीए पलटणी आहेत, रॅली निघाली की जा. पण टीए म्हणजे कायमची नोकरी नव्हे, वर्षातले साधारण दोन महिने ट्रेनिंग आणि गरज पडेल तेव्हा बोलावणं, पोटापाण्याचा धंदा वेगळा असावाच लागतो.

आणि सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी मिळणारे, साधारण पावणेबारा लाख हातात येतील, ते कुठल्या अकॅडमीच्या गॅरंटी बॅचला किंवा एजंटला देऊ नकोस. घरी आईवडिलांशी बोल आणि बँकेत ठेव.

प्रश्न : दादा, माझे पती तीन वर्षांपूर्वी ड्युटीवर असताना गेले. मी बी.कॉम. आहे, वय ३३, एक मुलगा आहे. मला फौजेत अधिकारी व्हायचंय पण सगळे म्हणतात वय निघून गेलं. खरंच निघून गेलं का?

ताई, नाही निघून गेलं. ज्यांनी असं सांगितलं त्यांना नियम माहीत नाही एवढंच.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनमध्ये, म्हणजे ठराविक वर्षांच्या अधिकारी भरतीत, एरवी मुलींना २५ किंवा २७ पर्यंतच वय असतं ते खरं आहे. पण सेवेत असताना गेलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी ही मर्यादा ३५ आहे. ही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली सूट नाही, भरतीच्या जाहिरातीतच छापलेली असते. टेक्निकलला एक आणि नॉन-टेक्निकलला एक अशा जागा राखलेल्या असतात, नॉन-टेक्निकलला कुठलीही पदवी चालते म्हणजे तुमची बी.कॉम. चालेल. लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी म्हणजे अधिकारी निवड मंडळाची मुलाखत, पाच दिवसांची, आणि ती मात्र सगळ्यांसारखीच असते, तिथं कुणी गुण वाढवून देत नाही. मग मेडिकल आणि मग चेन्नईला ओटीएत ट्रेनिंग, विशी-बाविशीच्या मुलींबरोबर.

महाराष्ट्रातच बघा. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई, वय मर्यादेच्या पुढं गेलेलं, तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्यांच्यासाठी खास सूट मंजूर केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये, मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये. तिघींनीही घर, सासर, दुःख सगळं सांभाळून हे केलंय.

पण खास सूट मिळते म्हणून थांबू नका, ती एखाद्याच प्रकरणात मिळते. तुमच्याकडे ३५ पर्यंत म्हणजे साधारण चार जाहिराती आहेत, वर्षातून दोनदा कोर्स निघतो. वय कुठल्या तारखेला मोजणार ते प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं, ती तारीख आधी बघा. पतीच्या मृत्यूबाबतची कागदपत्रं, म्हणजे पार्ट टू ऑर्डर (पलटणीतली अधिकृत नोंद), बॅटल किंवा फिजिकल कॅज्युअल्टीचं सर्टिफिकेट, रेकॉर्ड ऑफिसकडून आजच मागवून ठेवा. मुलाला कोण सांभाळणार हे घरात आधी ठरवा, ट्रेनिंग जवळजवळ वर्षभराचं असतं. एसएसबीच्या तयारीत माझ्या ओळखीच्या निवृत्त अधिकारी भगिनी मदत करतात, मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी स्वतः जोडून देईन.

प्रश्न : ऑपरेशन सिंदूरच्या वेळी टेरिटोरियल आर्मीला बोलावलं तेव्हा आमच्याकडं सगळे माजी सैनिक बॅगा भरून बसले होते. आम्हाला का नाही बोलावलं? – सांगली जिल्हा

कारण तो आदेश टीएपुरता होता. ६ मे २०२५ च्या आदेशानं लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलवायचा अधिकार मिळाला, ३२ पलटणींपैकी १४ उभ्या करायला मंजुरी होती. टीएत नाव असलेल्यालाच ते लागू. पेन्शनवर आलेल्या जवानाला आपोआप बोलावणं येत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये त्याच महिन्यात पूल, वीजकेंद्रं अशा ठिकाणांच्या राखणीसाठी सुमारे ४००० माजी सैनिक स्वयंसेवक घ्यायला मंजुरी मिळाली होती, पण ते तिथल्याच माजी सैनिकांसाठी. तुमच्यातले जे ४२ च्या आत आहेत त्यांनी टीएच्या रॅलीवर लक्ष ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बॅग भरली तर जाताही येईल.

प्रश्न : कोविडमध्ये रिटायर्ड डॉक्टरांना परत घेतलं होतं. मी नर्सिंग असिस्टंट होतो, वय ५१. आम्हाला का अशी सूट नाही? – मिरज

मे २०२१ मध्ये संरक्षण खात्यानं टूर ऑफ ड्युटी म्हणून ४०० माजी डॉक्टर घ्यायला परवानगी दिली होती ते खरं आहे. पण त्यात २०१७ ते २०२१ या काळात सेवेतून बाहेर पडलेलेच, आणि करार जास्तीत जास्त ११ महिन्यांचा. सूट नेहमी अशीच येते, ठराविक कामाला, ठराविक लोकांना, ठराविक मुदतीची. ५१ ला वर्दीचा रस्ता मला तुमच्यासाठी दिसत नाही आणि खोटी आशा दाखवणार नाही. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची १३६ इको टीए पलटण आहे, माजी सैनिकांचीच, २०१७ पासून उजाड डोंगरांवर झाडं लावते, त्यांच्या रॅलीची जाहिरात आली की त्यातली वयाची अट तेवढी वाचा. नाहीतर तुमचं खरं शिक्षण हॉस्पिटलचं आहे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकांत नर्सिंग असिस्टंटच्या कंत्राटी जागा निघतात, माजी सैनिकांना प्राधान्य असतं, मिरजेपासून कोल्हापूर आणि सांगली दोन्ही जवळ. स्टेशन हेडक्वार्टरच्या जाहिराती बघत राहा आणि सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स तयार ठेवा, अर्जाला मुदत फार थोडी देतात.